चिकुनगुनिया संधिवात

चिकुनगुनिया विषाणूच्या संसर्गातून उद्भवणारा सांध्यांचा दाह. ताप सहसा आठवडाभरात उतरतो. सांधे मात्र काही आठवडे, काही महिने आणि थोड्या रुग्णांत काही वर्षे धुमसत राहतात. संसर्गाला तीन महिने उलटल्यावरही सूज, वेदना किंवा आखडणे टिकून असेल तर आजार दीर्घकालीन झाला असे वैद्यक मानते. डासांवाटे येणाऱ्या आणखी काही विषाणूंमुळेही सांधे सुजतात : ऑस्ट्रेलियातील रॉस रिव्हर आणि बार्मा फॉरेस्ट, आफ्रिकेतील ओन्योंग-न्योंग, दक्षिण अमेरिकेतील मायारो, उत्तर युरोपातील सिंडबिस. हे सगळे आल्फाव्हायरस या एकाच गटातले भाऊबंद. डेंग्यूचा विषाणू वेगळ्या घराण्यातला आहे. ‘हाडमोड्या ताप’ हे नाव त्याला शोभते खरे, पण त्यात दुखतात ती मुख्यतः हाडे आणि स्नायू. सांधा सुजून महिनोन्‌महिने तसाच राहणे हे डेंग्यूचे लक्षण नव्हे.

नाव माकोंडे भाषेतले आहे (ते स्वाहिली असल्याचे अनेकदा छापले जाते). १९५२-५३ मध्ये तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात, साथ आली आणि माणसे वेदनेने वाकून चालू लागली. ‘वाकवून टाकणारा’ हा त्या शब्दाचा अर्थ. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी तापाकडे पाहिलेच नाही, सांध्यांकडे पाहिले, आणि ते बरोबरच होते. मराठीत ‘चिकनगुनिया’ हा उच्चार रुळल्यामुळे कोंबडी खाल्ल्याने हा आजार होतो असा समज पसरला. त्यातच २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि त्याच वर्षी चिकुनगुनियाची मोठी साथ आली. कोंबडीचा या आजाराशी काहीही संबंध नाही.

डास चावल्यानंतर साधारण तीन ते सात दिवसांनी एकाएकी जोराचा ताप भरतो. कित्येकदा त्याच दिवशी मनगटे, बोटांचे सांधे, घोटे आणि गुडघे धरतात; बहुधा दोन्ही बाजूंचे एकदम. अंगावर पुरळ उठते. काहींच्या नाकाच्या शेंड्यावर आणि गालांवर नंतर काळसर डाग उमटतात, आणि ते दिसले की अनुभवी डॉक्टर रिपोर्ट येण्याआधीच ओळखतात. ताप गेल्यावर रुग्ण कामाला लागू पाहतो, आणि खरी अडचण तेव्हा सुरू होते. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. कपडे पिळता येत नाहीत, कणीक मळता येत नाही, नळाची तोटी फिरवायला दोन्ही हात लागतात. टाच जमिनीला टेकवताना कळ येते, मांडी घालून बसलेला माणूस भिंतीचा आधार घेतल्याशिवाय उठत नाही. तासाभराने, कोमट पाण्याने हात शेकल्यावर, बोटे सुटू लागतात. ‘सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो?’ हा संधिवाततज्ज्ञाचा पहिला प्रश्न असतो तो यामुळेच. अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत असेल तर नुसता थकवा किंवा झीज नाही, आत दाह चालू आहे असा अंदाज बांधता येतो.

किती जणांचा आजार दीर्घकालीन होतो, याचे आकडे साथीगणिक बदलतात; अनेक पाहण्यांत ते प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास आढळले आहे. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना, स्त्रियांना, सांध्यांचे दुखणे आधीपासून असलेल्यांना आणि सुरुवातीचा झटका तीव्र असलेल्यांना धोका जास्त. लहान मुले बहुधा लवकर सावरतात.

विषाणू सांध्यातच का शिरतो, याचे एक मोठे कोडे २०१८ मध्ये उलगडले. पेशींच्या पृष्ठभागावरील एमएक्सआरए-८ नावाचे प्रथिन या विषाणूला आत शिरण्याचा दरवाजा पुरवते, आणि हे प्रथिन असते ते नेमके कूर्चा (सांध्यातले मऊ हाड), स्नायू, हाडे आणि त्यांना जोडणारे संयोजी ऊतक यांच्या पेशींवर. रक्तातला विषाणू आठवडाभरात संपतो, पण तोवर सांध्याच्या अस्तरात ठिणगी पडलेली असते. तेथे प्रतिकारपेशी जमतात, इंटरल्यूकिन-६ सारखी दाहकारक रसायने स्रवतात, अस्तर जाड होते, सांध्यात पाणी भरते. सीडी-४ टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नसलेल्या उंदरांना विषाणू टोचला तर सूज फारच कमी येते. म्हणजे नुकसानीचा मोठा वाटा विषाणूचा नसून त्याच्याशी लढणाऱ्या शरीराचा आहे.

मग महिनोन्‌महिने हा दाह पेटता ठेवतो कोण? याबाबत दोन मते आहेत. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात, संसर्गानंतर १८ महिन्यांनी, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींमध्ये विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचे, अवशेष मिळाले. उलट कोलंबियात, आजाराला सुमारे २२ महिने झालेल्या रुग्णांच्या सांध्यांतील द्रव तपासला तेव्हा विषाणूचा मागमूस नव्हता. चोर घरात लपला आहे की चोर केव्हाच गेला आणि घरचेच एकमेकांवर धावताहेत, असा हा वाद. उपचारासाठी तो निव्वळ तात्त्विक नाही, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किती निर्धास्तपणे द्यायची हे त्यावर ठरते.

निदानासाठी पहिल्या आठवड्यात खुद्द विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी आणि पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. दीर्घकालीन अवस्थेत चित्र आमवातासारखे (ऱ्हुमॅटॉइड संधिवात) दिसते. काही रुग्ण आमवाताच्या निकषांतही बसतात. मात्र आर. ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्तचाचण्या बहुधा नकारात्मक येतात आणि हाडे झिजून सांधे वाकडे होण्याचे प्रमाणही बरेच कमी असते. ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असे सांगून रुग्णाला परत पाठवणे ही इथली नेहमीची चूक. रक्त साफ असले तरी सांधा सुजलेला असू शकतो.

विषाणूवर नेमके औषध नाही. सुरुवातीला पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका असतो. क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधावर एके काळी फार आशा होती. रियुनियनमधील चाचणीत पहिल्या दिवसांत त्याचा काहीच फायदा दिसला नाही, उलट काही महिन्यांनी सांधेदुखीच्या तक्रारी ते घेणाऱ्यांतच जास्त निघाल्या. दीर्घकालीन दाहात वेदनाशामके, थोड्या दिवसांपुरते कमी मात्रेचे स्टिरॉइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि गरज पडल्यास प्रतिकारशक्ती दाबणारे मेथोट्रेक्सेट देतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतल्यास ती जिवावर बेतू शकते, म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा. मेडिकलच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी दोन दिवस जादू होते, मग साखर आणि रक्तदाब वाढतो, आणि गोळी थांबवताच दुखणे पुन्हा उसळते.

भारतात हा विषाणू प्रथम १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला. १९६५ मध्ये नागपूर आणि १९७३ मध्ये बार्शी येथे साथी झाल्या. त्यानंतर तीन दशके तो जवळजवळ विसरला गेला. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातील बेटांवर साथ उसळली. एकट्या रियुनियनमध्ये सुमारे एकतृतीयांश लोकसंख्या आजारी पडली. २००६ मध्ये भारतात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. कर्नाटक पहिल्या, तर महाराष्ट्र दुसऱ्या क्रमांकावर होता. जुन्या साथी आशियाई वंशाच्या विषाणूच्या होत्या, ही पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी वंशाच्या विषाणूची, असे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दाखवले. गंमत म्हणजे हा आफ्रिकी वंश २००० मध्येच पुणे जिल्ह्यातील यवत येथे डासांत सापडला होता. पाहुणा पाच वर्षे आधीच उंबऱ्यावर येऊन बसला होता म्हणायचे.

पुढे विषाणूच्या ई-१ प्रथिनात २२६ व्या जागी एक बदल झाला आणि एडिस अल्बोपिक्टस या बागाबगीच्यांतल्या, झाडाझुडपांतल्या डासातही तो सहज वाढू लागला. रियुनियन आणि नंतर केरळमधील फैलावामागे हे मोठे कारण होते. डिसेंबर २०१३ मध्ये विषाणूचा आशियाई वंश कॅरिबियन बेटांवर पोहोचला आणि तेथून अमेरिका खंडात पसरला.

अमेरिकेत २०२३ मध्ये पहिल्या लशीला मान्यता मिळाली. मात्र ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असून, गंभीर दुष्परिणामांच्या नोंदींमुळे २०२५ मध्ये तिचा तेथील परवाना स्थगित झाला. आपल्याकडे तूर्त भिस्त डासांवरच्या बंदोबस्तावर. महाराष्ट्रातील शहरांत मुख्य वाहक एडिस इजिप्ती हा दिवसा चावणारा डास आहे. तो गटारात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो : रांजण, सिमेंटची टाकी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पिंपे भरून ठेवण्याला पर्याय नसतो, हे ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणणाऱ्या फलकांवर लिहिलेले नसते. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी चढले की उबतात. पिंप नुसते उपडे करून भागत नाही. काथ्याने आतली कड घासावी लागते.