रंगवलेल्या प्लास्टिक पाइपवरील रंग काढणे

पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा पीव्हीसीचा प्रकार) पाइपवर रंग चढलेला असेल, तर त्याला कपलर, एल्बो किंवा टी असा जोडभाग चिकटवण्यापूर्वी सॉकेटमध्ये, म्हणजे जोडभागाच्या खोलगट तोंडात, शिरणाऱ्या लांबीवरचा सगळा रंग काढून मूळ प्लास्टिक उघडे करण्याची कृती. नळकामातले हे किरकोळ वाटणारे काम आहे, पण सांधा टिकणार की गळणार हे बरेचदा इथेच ठरते.

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत, घोडबंदर रस्त्यावरचे मनोरे असोत किंवा नवी मुंबईत वाशी-नेरुळच्या सेक्टरांतल्या सिडकोच्या वसाहती, सांडपाण्याचे, पावसाळी पाण्याचे आणि गच्चीवरच्या टाकीतून उतरणारे पाइप बहुधा बाहेरच्या भिंतीवरून किंवा डक्टमधून (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून) जातात. सोसायटीचे बाहेरचे रंगकाम निघाले की रंगारी भिंतीबरोबर पाइपवरूनही ब्रश फिरवतो. पूर्वीच्या बिडाच्या पाइपांना गंजापासून वाचवायला रंग आवश्यकच होता आणि खाडीच्या खाऱ्या हवेत तर अधिकच. प्लास्टिकला गंज चढत नाही. तरीही रंगाचा त्याला फायदा होतो, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी पीव्हीसीचा पृष्ठभाग फिका आणि ठिसूळ होत जातो व रंगाचा थर ते थोपवतो. म्हणून रंगवण्याची पद्धत चुकीची नाही. अडचण येते ती दुरुस्तीच्या दिवशी, नवा तुकडा जोडायची वेळ आल्यावर.

दुकानात ‘सोल्युशन’ म्हणून मिळणारे सॉल्व्हंट सिमेंट हा डिंकासारखा दोन पृष्ठभागांमध्ये बसून त्यांना धरून ठेवणारा पदार्थ नाही. त्यात टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झॅनोन, मिथिल इथिल कीटोन यांसारखे द्रावक असतात आणि त्यांत प्लास्टिकची राळ विरघळवलेली असते. हे द्रावक पाइपचा बाहेरचा आणि सॉकेटचा आतला पृष्ठभाग फुगवून मऊ करतात. पाइप आत ढकलला की दोन्हीकडच्या मऊ थरांतल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत मिसळतात. द्रावक उडून गेल्यावर तिथे एकच सलग प्लास्टिक उरते. नीट झालेला सांधा त्यामुळे पुन्हा सोडवता येत नाही, तो कापावाच लागतो.

मध्ये रंग असला तर हे मिलन होतच नाही. द्रावक आधी रंगालाच भिडतो, रंग चिकट गाळासारखा होऊन सिमेंटमध्ये मिसळतो आणि सांधा प्लास्टिकला न धरता रंगाच्या पापुद्र्याला धरतो. असा सांधा पहिल्या दिवशी कोरडा दिसू शकतो. पुढे पंपाचे धक्के आणि उन्हातले प्रसरण-आकुंचन सुरू झाले की पापुद्रा सुटतो आणि पाणी त्या वाटेने बाहेर येते. सिमेंट जास्त लावून ही उणीव भरून निघत नाही.

दुसरे कारण मापाचे आहे. पाइप आणि सॉकेट यांची बसणी मिलिमीटरच्या दशांशांत ठरलेली असते. पाणीपुरवठ्याच्या यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) पाइपसाठीच्या आयएस ४९८५ या भारतीय मानकात ११० मिमी पाइपचा सरासरी बाहेरचा व्यास ११०.० ते ११०.४ मिमी एवढाच चालतो. दोन-तीन रंगकामांचे थर ही मोकळीक सहज खाऊन टाकतात. मग पाइप सॉकेटच्या तोंडाशीच अडतो, किंवा ठोकून घातल्यावर रंग सोलला जाऊन तोंडाशी गोळा होतो.

रंग काढण्याआधी पाइप कशाचा आहे ते ओळखावे, कारण घासताना कंपनीचा छापील मजकूरही पुसला जातो. रंगाखाली तो वाचता आला तर आयएस १५७७८ म्हणजे गरम-थंड पाण्याचा सीपीव्हीसी आणि आयएस १३५९२ म्हणजे मैला, सांडपाणी व पावसाळी पाण्याचा एसडब्ल्यूआर पाइप. मजकूर नसेल तर रंगछटा पाहावी: घरगुती सीपीव्हीसी बहुधा फिकट पिवळसर असतो, एसडब्ल्यूआर राखाडी. सीपीव्हीसीला त्याचेच सिमेंट लागते. पीपीआर आणि एचडीपीई या वेगळ्या प्लास्टिकचे पाइप तर सोल्युशनने जुळतच नाहीत, ते तापवून जोडतात. त्यांच्यावरचा रंग कितीही स्वच्छ काढला तरी उपयोग नाही.

काढण्याची खात्रीची रीत हातानेच घासण्याची. सॉकेटची खोली मोजून तेवढी लांबी, वर दोन बोटे जास्त, पेन्सिलीने आखून घ्यावी. जाड थर पुट्टीच्या पत्तीने, पत्ती आडवी धरून हलक्या हाताने खरवडावा. उरलेला रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि शेवटचा हात १५० किंवा १८० नंबरने. पेपरची लांब पट्टी कापून पाइपभोवती गुंडाळावी आणि दोन्ही टोके आळीपाळीने ओढावीत, म्हणजे पाइप सगळीकडून सारखा घासला जातो आणि भिंतीकडची बाजूही सुटत नाही. डक्टमधल्या पाइपच्या मागच्या बाजूलाच रंग राहून जातो, हे ध्यानात ठेवावे. हॅक्सॉ ब्लेडच्या दातांनी खरवडणे टाळावे: पाइपच्या लांबीच्या दिशेने पडलेला खोल ओरखडा ही गळतीची तयार वाट असते.

अति घासणेही तितकेच वाईट. आयएस १३५९२ मधल्या ‘अ’ प्रकारच्या, म्हणजे पावसाळी पाण्याच्या ११० मिमी पाइपची भिंत कमीत कमी २.२ मिमी असते, तेव्हा तिथे खरवडायला फार वाव नाही. कोरडी जुळणी करून पाहावी. सिमेंटशिवाय पाइप सॉकेटच्या एकतृतीयांश ते दोनतृतीयांश खोलीपर्यंत जाऊन घट्ट व्हावा. तळापर्यंत सैल गेला तर तो भाग दाबाच्या पाण्याला वापरू नये.

रंग काढायचे रसायन पाइपवर लावू नये. मिथिलिन क्लोराइड असलेले रिमूव्हर पीव्हीसीलाच मऊ करते. थिनर आणि ॲसिटोनमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवल्यानेही तेच होते. टर्पेंटाइन आणि रॉकेल मागे तेलकट थर सोडतात, तो सिमेंटला अडवतो. घासून झाल्यावर पीव्हीसी क्लीनरचा एकच झटपट हात पुरतो, आणि चिंधीवर रंग उतरला तर पुन्हा घासायचे. ब्लोटॉर्चचा तर विचारही करू नये. साधा पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो आणि जळाला तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सोडतो.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीचे थर भिंतींवर आणि पाइपांवर अजून आहेत. त्यामुळे कोरडी धूळ उडवण्यापेक्षा पेपर ओला करून घासणे चांगले. तोंडाला मास्क बांधावा आणि पापुद्रे वर्तमानपत्रावर गोळा करावेत. हा आग्रह जास्त वाटेल, पण बंद डक्टमध्ये दिवसभर काम करणाऱ्या प्लंबरच्या छातीत जाणारी ही धूळ आहे.

ओले घासल्यावर पाइप पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबावे लागते. जून ते सप्टेंबर या काळात इथल्या दमट हवेत हे अवघड जाते, शिवाय सिमेंटमधला द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर हवेतले दव धरू शकते. पावसाळ्यात म्हणून कोरड्या कापडाने पुसून लगेच सिमेंट लावावे, पाइप पाव फेरा फिरवत तळापर्यंत ढकलावा, साधारण अर्धा मिनिट दाबून धरावा आणि पाणी सोडायला डब्यावर दिलेल्यापेक्षा जास्त वेळ द्यावा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करूनही वरून थेंब येत असतील तर आधी ते थांबवल्याशिवाय सांध्याला हात लावू नये.

जागा असेल तिथे याहून सोपी वाट म्हणजे रंगलेला तुकडा कापून टाकणे. क्लॅम्पच्या किंवा भिंतीच्या आड पाइपचा बिनरंगी भाग अनेकदा सापडतो, तिथपर्यंत कापून नवा पाइप घातला तर घासायचे काम फारसे उरत नाही. नव्या भागाला ऊन लागणार असेल तर सिमेंट पुरते वाळल्यावर पाण्यात मिसळणारा फिकट इमल्शन लावावा. ऑइल पेंटमधले द्रावक विशेषतः सीपीव्हीसीला मानवत नाहीत. रंगवताना कंपनीच्या छापील मजकुरावर कागदी टेप लावून तेवढी पट्टी उघडी ठेवली, तर पुढच्या प्लंबरला पाइप ओळखायला अडचण येत नाही.