हात थरथरतो म्हणून येताय? फॉर्म पेशंटनेच भरायचा, मुलाने नाही

नमस्कार. नौपाड्यातल्या आमच्या हॅन्ड थेरपी सेंटरला फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "हात थरथरतो, पार्किन्सन तर नाही ना?" फोनवर हे सांगता येत नाही, आणि निदान करणं आमचं कामही नाही, ते न्यूरोलॉजिस्टचं. पण बघतात काय ते सांगतो.

थरथर कधी होते ते आधी बघा. इसेन्शियल ट्रेमर हा पार्किन्सनहून वेगळा, थरथरीचा आजार. त्यात हात कामाला लागला की थरथरतो, म्हणजे कप उचलताना, पूजेत पळीने पाणी सोडताना, सुईत दोरा ओवताना, नाहीतर हात नुसता समोर धरून ठेवला तरी. मांडीवर निवांत ठेवला की बहुतेक वेळा शांत. पार्किन्सनमध्ये साधारण उलटं, हात मोकळा पडलेला असताना जास्त, सुरुवात एका बाजूने, आणि सोबत हालचाली मंदावतात, चालताना एक हात कमी हलतो. इसेन्शियलमध्ये दोन्ही हात असतात, एखादा थोडा जास्त. काहींची मान "नाही नाही" म्हटल्यासारखी हलते, काहींचा आवाज कापतो. टेन्शन, दमणूक, जास्त कॉफी याने वाढते, झोपेत थांबते. बऱ्याच घरांत आधीच्या पिढीतही कोणाचा तरी हात थरथरत असतो, वयामुळे म्हणून सोडून दिलेलं असतं, पण हे विशीतही सुरू होतं. "थोडी घेतली की बरं वाटतं" असं काही जण बायको बाहेर गेली की हळूच सांगतात, तर हो, बऱ्याच जणांची थोडा वेळ कमी होते, पण उतरली की परत, कधी आधीपेक्षा जोरात, त्यामुळे तो उपाय धरू नका.

रक्ताच्या एखाद्या टेस्टमध्ये हे दिसत नाही, एमआरआयही सहसा नॉर्मलच येतो. थायरॉइड तपासायला सांगतात ते दुसरं कारण नाही ना हे बघायला. २०१८ साली जी आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली तिच्यात दोन्ही हातांची थरथर किमान ३ वर्षं हवी आणि मेंदू-नसांच्या आजाराची बाकी लक्षणं नकोत असं आहे, म्हणून डॉक्टर "काही महिन्यांनी परत दाखवा" म्हणाले तर ते टाळतायत असं नाही.

आता फॉर्मचं. आम्ही व्हॉट्सअपवर पाठवतो त्यात नाव-पत्ता, खाली दोन ओळी मजकूर, सही आणि एक गोल गोल चकली काढायची असते. मुलगा किंवा सूनबाई प्रेमाने सगळं सुंदर अक्षरात भरून आणतात, काही जण तर टाइप करून. मग इथे पुन्हा सगळं लिहून घ्यावं लागतं, पेशंट दमतो, मागच्यांची अपॉइंटमेंट पुढे जाते. अहो, ते अक्षर हाच आमचा रिपोर्ट! इसेन्शियलमध्ये अक्षर कापरं आणि बरेचदा मोठं होतं, पार्किन्सनमध्ये लिहिता लिहिता बारीक होत जातं. बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत आला, तिथून आजार लक्षात आला असेही पेशंट असतात. चकली काढताना मनगट टेबलावर टेकवू नका आणि "बाबा, नीट काढा ना" म्हणू नका, त्याने अजून थरथरतं. वाकडी येऊ दे. पुढच्या वेळी तुलना त्याच कागदाशी करतो, आणि न्यूरोलॉजिस्टकडे जाताना तो सोबत देतो, म्हणून पहिल्या भेटीला वेळ लागतो आणि फीही थोडी जास्त आहे.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, दम्याचा पंपसुद्धा. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल, फिटवरची व्हॅल्प्रोएट, मूडच्या आजारावरची लिथियम यांनीही हात थरथरू शकतो, पण म्हणून स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. आणि शेजाऱ्यांना लागू पडली म्हणून थरथरीवरची प्रोप्रॅनोलॉल गोळी तर अजिबात सुरू करू नका, दमा असेल तर धोक्याचं आहे.

रील बघून थेट, खाताना हात कमी हलावा म्हणून वापरतात तो जड चमचा मागायला येणारेही खूप आहेत. चमचा आहे, जाड ग्रिपचं पेन आहे, झाकणाचा मग आहे, पण निदान झाल्याशिवाय आम्ही विकत नाही. जड चमचा सगळ्यांना सोसत नाही, काहींचा खांदाच दुखायला लागतो. आधी इथे आमटी-भात खाऊन बघायचा, मग पटलं तर घ्यायचा.

येताना वाचायचा चष्मा विसरू नका, आणि शक्यतो सकाळची वेळ घ्या, संध्याकाळी स्टेशनकडच्या ट्रॅफिकमधून आलेला माणूस आधीच थकलेला असतो.