खाणीच्या खारट पाण्यात चिकणमातीचं बसणं (पॉलिमर फ्लॉक्युलंट वापरून)

खनिज दळून वेगळं काढल्यावर जो पातळ गाळ उरतो, म्हणजे टेलिंग्ज, त्यातली चिकणमाती आपणहून लवकर बसत नाही, म्हणून लांब साखळीचं पॉलिमर घालून तिचे पुंजके करतात आणि थिकनरमधे, म्हणजे गाळ बसवायच्या मोठ्या गोल टाकीत, खालून दाट गाळ, वरून निवळ पाणी काढून घेतात. हे पाणी बऱ्याच ठिकाणी खारट असतं. चिलीतल्या काही तांब्याच्या खाणी समुद्राचं पाणी वापरतात, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या पट्ट्यात भूजलच कित्येकदा समुद्रापेक्षा खारट, आणि कॅनडात सस्कॅचेवानच्या पोटॅश (पोटॅशियमचं खत-मीठ) कारखान्यांत तर थेट संपृक्त ब्राइन, म्हणजे मावेल तेवढं मीठ विरघळलेलं पाणी.

चिकणमातीचे कण साधारण २ मायक्रॉनच्या आतले. स्टोक्सच्या नियमाने १ मायक्रॉनचा कण गोड्या पाण्यात दिवसाला जेमतेम ७-८ सेंटिमीटर उतरतो, त्याहून बारीक असेल तर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनीच तरंगत राहतो, शिवाय कणांवर ऋण भार असल्याने ते एकमेकांना लांब ठेवतात. मीठ हा दुरावा कमी करतं. भाराभोवतीच्या आयनांच्या थराची जाडी ०.००१ मोलर मिठाच्या पाण्यात सुमारे १० नॅनोमीटर, समुद्राच्या पाण्यात ०.४ च्या आसपास, म्हणजे कण इतके जवळ येतात की व्हॅन डर वाल्स आकर्षण (अगदी जवळच्या कणांमधली नैसर्गिक ओढ) जिंकतं (हा हिशेब देर्यागिन-लांडाऊ १९४१ आणि फेरवे-ओव्हरबेक १९४८ यांचा). कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे दुहेरी भाराचे आयन सोडियमपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात हेच काम करतात.

कण एकमेकांना नेमके कुठे चिकटतात याचा खरा वाद केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजावर आहे. त्याच्या पत्र्यासारख्या कणाच्या कडांवर धन भार असतो ही कल्पना बहुधा १९४२ च्या थीसेनच्या प्रयोगापासून रुजली, त्यात सोन्याचे ऋण भाराचे सूक्ष्म कण फक्त कडांनाच चिकटलेले इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसले. स्कोफील्ड आणि सॅमसन यांनी १९५४ मधे कड-पृष्ठ जोडणी मांडली, म्हणजे पत्त्यांच्या घरासारखी सैल, पाण्याने भरलेली रचना. पण कडेचा भार पीएचवर ठरतो, आणि २०१० च्या सुमारास अणुबल सूक्ष्मदर्शकाने मोजलं तेव्हा कणाची सिलिका बाजू आणि अॅल्युमिना बाजू वेगळी वागतात, अॅल्युमिना बाजू आम्ल पाण्यात धनही होते असं दिसलं, त्यामुळे सगळं श्रेय कडांना देणारं जुनं चित्र आता जरा अपुरंच वाटतं. खारट पाण्यात तर भार झाकलाच जातो, तिथे ही चर्चा तशीही दुय्यम.

पॉलिमर म्हणजे बहुतेक वेळा अंशतः हायड्रोलाइज्ड पॉलिअॅक्रिलामाइड, ऋण भाराचं, रेणुभार दशलक्षांत. एकच साखळी दोन-तीन कणांना धरते, हे 'ब्रिजिंग' रूहर्वाइन आणि वॉर्ड यांनी १९५२ मधे मांडलं. डोस जास्त झाला तर पृष्ठभाग पूर्ण झाकला जातो, पूल बांधायला जागाच उरत नाही.

मिठाचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो: साखळीवरचे भार झाकले गेल्याने ती आखडून गुंडाळी होते आणि तिची पोच कमी होते, पण ऋण कण आणि ऋण साखळी यांच्यातलं प्रतिकर्षणही घटतं म्हणून ती जास्त चिकटते, त्यात कॅल्शियम मधल्या दुव्यासारखं काम करतं. काही अभ्यासक पहिल्या कारणावर भर देतात, काही दुसऱ्यावर. माफक खारटपणात दुसरं वरचढ आणि ब्राइनमधे पहिलं, ही मांडणी जास्त पटते. म्हणूनच खूप खारट पाण्याला कमी भाराचं किंवा सल्फोनेट गट असलेलं पॉलिमर घेतात, सल्फोनेटला कॅल्शियमचा त्रास कमी होतो.

माँटमोरिलोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीच्या खनिजाचं वेगळंच. सोडियमवाली जात गोड्या पाण्यात थरांमधे पाणी घेऊन फुगते, थिकनर हैराण. नॉरिशच्या १९५४ च्या मोजणीत सोडियम क्लोराइड साधारण ०.३ मोलरच्या वर गेलं की हे मोठं फुगणं थांबतं, म्हणजे अशा मातीला खारट पाणी मदतच करतं.

समुद्राच्या पाण्यात चुना घालून पीएच १० च्या वर नेला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत साका येतो, तो पॉलिमर खातो आणि वरचं पाणी गढूळ ठेवतो. पुंजके भरभर खाली आले म्हणजे गाळ घट्ट होतोच असं नाही, मोठ्या पुंजक्यांच्या पोटात पाणी अडकतं आणि ते काढायला थिकनरमधली फिरती दांडी लागते.