नाणेफेक नको, शर्यत हवी : ब्रिटिश सलून मोटार अजिंक्यपदाच्या पहिल्या हंगामाची पार्श्वभूमी

ब्रिटनमधील सलून मोटारींच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा पहिला हंगाम १९५८ मध्ये पार पडला, आणि तो संपला तेव्हा विजेता कोण हे कोणालाच सांगता येत नव्हते. जॅक सिअर्स आणि टॉमी सॉपविथ या दोघांचे गुण समसमान झाले होते. एकाची गाडी ऑस्टिन होती, दुसऱ्याची जग्वार. आणि वर्षभर त्याच त्या सर्किटांवर, अनेकदा एकाच शर्यतीत उतरूनही हे दोघे खऱ्या अर्थाने एकमेकांविरुद्ध धावलेच नव्हते. हे कोडे स्पर्धेच्या मूळ रचनेतच दडलेले होते. पुढची तीस-बत्तीस वर्षे ते निरनिराळ्या रूपांत डोके वर काढत राहिले. त्यामुळे त्या हंगामाची हकिगत समजून घ्यायची, तर ती रचना का आणि कशी आली हे आधी पाहावे लागते.

(मराठी वाचकाला ‘सलून’ म्हटले की केशकर्तनालय आठवते. येथे मात्र डोक्यावर कायमचे छप्पर असलेली, चार-पाच माणसे बसतील अशी घरगुती मोटार एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे.)

ब्रिटनच्या मुख्य भूमीवर सार्वजनिक रस्त्यांवरून मोटारींच्या शर्यती घेण्यास कायद्याने बंदी होती. फ्रान्स किंवा इटलीप्रमाणे गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर शर्यतीची परंपरा तेथे रुजू शकली नाही, आणि म्हणूनच १९०७ मध्ये ब्रुकलँड्सचा बंदिस्त, उतरत्या भिंतींचा मार्ग बांधला गेला. दुसऱ्या महायुद्धात ती जागा विमाननिर्मितीसाठी गेली आणि तेथील शर्यती कायमच्या बंद पडल्या. युद्धाने एक सोय हिरावून घेतली खरी, पण जाताना दुसरी ठेवूनही गेली : देशभर पसरलेले, आता फारसे उपयोगाचे न राहिलेले लष्करी विमानतळ. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड ही दोन्ही सर्किटे १९४८ मध्ये अशाच विमानतळांवर सुरू झाली. स्नेटर्टनही मूळचे विमानतळच. ब्रँड्स हॅच येथे आधी मोटारसायकली गवतावर धावत. तेथे १९५० मध्ये डांबर आले. उल्टन पार्क १९५३ मध्ये आणि एन्ट्रीचे सर्किट १९५४ मध्ये तयार झाले. लंडन शहराच्या हद्दीतील क्रिस्टल पॅलेसचे सर्किटही १९५३ मध्ये पुन्हा उघडले. दहा वर्षांच्या आत एका छोट्या देशात इतकी सर्किटे झाली की, त्यांवर दर शनिवार-रविवारी काय धाववायचे हाच प्रश्न निर्माण झाला.

ग्राँ प्रीच्या, म्हणजे खास शर्यतीसाठीच बांधलेल्या, गाड्या थोड्या आणि महागड्या होत्या. लोकांच्या दारात उभ्या असतात त्याच गाड्या शर्यतीत उतरवण्याची कल्पना या गरजेतून पुढे आली. सिल्व्हरस्टोनला मे महिन्यात भरणाऱ्या मोठ्या शर्यत-मेळाव्यात १९५२ मध्ये उत्पादनातील सलून गाड्यांची शर्यत झाली, आणि ती स्टर्लिंग मॉसने जग्वार मार्क सेव्हन या अवजड, चामड्याच्या आसनांच्या आलिशान गाडीतून जिंकली. ती भारी गाडी वळणावर एका अंगावर कलत जाताना पाहणे प्रेक्षकांना भलतेच आवडले. माझ्या मते या खेळाच्या लोकप्रियतेचे खरे मूळ तेथेच आहे : ग्राँ प्रीची गाडी हा प्रेक्षकाच्या दृष्टीने चमत्कार होता, पण सलूनच्या शर्यतीत त्याला स्वतःची किंवा शेजाऱ्याची गाडी ओळखू येत होती. कारखान्यांनाही हे लगेच उमगले.

सुएझच्या संकटामुळे डिसेंबर १९५६ ते मे १९५७ या काळात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग होते. ते उठल्यावर शर्यतींना नवा जोर आला, आणि ब्रिटिश रेसिंग अँड स्पोर्ट्स कार क्लब या संस्थेने सुट्या सलून शर्यतींना एका सूत्रात बांधून हंगामभराची अजिंक्यपद स्पर्धा आखली. ही संस्था युद्धानंतर पाचशे सीसीच्या छोट्या शर्यती गाड्यांच्या हौशी मंडळींनी स्थापन केलेल्या क्लबातून वाढली होती. मर्यादित पैशांत चुरशीची शर्यत घडवणे हा तिचा मूळ पिंड होता, आणि नव्या स्पर्धेच्या नियमांवर त्याची छाप स्पष्ट दिसते.

छाप दिसते ती वर्गवारीत. इंजिनाच्या आकारमानानुसार गाड्यांचे चार वर्ग पाडण्यात आले. सर्व गाड्या एकत्र धावू शकत, पण गुण मिळत ते आपापल्या वर्गातील क्रमांकाला. शर्यतीत सर्वांत आधी कोणी रेषा ओलांडली याचा अजिंक्यपदाच्या हिशेबाशी थेट संबंध नव्हता. लहान वर्गातील विजय आणि मोठ्या वर्गातील विजय यांचे मोल सारखेच होते. यामागचा विचार साधा आणि व्यवहारी होता. केवळ एकूण क्रमांकाला गुण दिले असते, तर जग्वार विकत घेण्याची ऐपत असलेल्या दोन-चार जणांपुरतीच स्पर्धा उरली असती, आणि मैदान भरण्यासाठी लागणाऱ्या लहान गाड्यांच्या मालकांनी तिच्याकडे पाठ फिरवली असती.

या रचनेतील अडचण मात्र पहिल्याच वर्षी उघड झाली. टॉमी सॉपविथ ३.४ लिटरची जग्वार घेऊन सर्वांत मोठ्या वर्गात धावत होता. त्याचे वडील सर थॉमस सॉपविथ हे विमाननिर्मितीतील मोठे नाव. पहिल्या महायुद्धातील ‘कॅमल’ हे लढाऊ विमान त्यांच्याच कंपनीचे. त्यांनी अमेरिकाज कप या नौकाशर्यतीसाठी ‘एन्डेव्हर’ नावाची नौका बांधली होती, आणि त्या नौकेवरूनच मुलाने आपल्या मोटार संघाचे नाव ‘एकीप एन्डेव्हर’ ठेवले. दुसऱ्या बाजूला होता नॉरफोकचा शेतकरी जॅक सिअर्स, ज्याला पुढे सगळे ‘जंटलमन जॅक’ म्हणू लागले. त्याची ऑस्टिन ए१०५ ही २.६ लिटरची, प्रशस्त, कुटुंबवत्सल गाडी. तिच्याकडे पाहून शर्यतीची आठवण कोणालाही झाली नसती. जग्वारच्या वेगाशी बरोबरी करण्याची तिला गरजही नव्हती. आपल्या वर्गात पुढे राहिले की पुरे, हे सिअर्सने ओळखले आणि तो शर्यतीमागून शर्यत तेवढेच करत राहिला. सॉपविथही आपल्या वर्गात तेच करत होता. दोन्ही वर्गांतील विजयाला समान गुण, दोघेही आपापल्या वर्गात वरचढ. अशा स्थितीत बरोबरी होणे हा योगायोग नसून निव्वळ अंकगणित होते.

आयोजकांपुढे पेच पडला. नाणे उडवून निकाल लावावा, अशी सूचना पुढे आली. वर्षभराच्या मेहनतीचा निर्णय छाप-काट्यावर सोपवण्यास दोन्ही चालकांनी ठाम नकार दिला. तेव्हा ऑस्टिन आणि रायली गाड्या बनवणाऱ्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या स्पर्धा विभागाचे प्रमुख मार्कस चेंबर्स यांनी दोन एकसारख्या रायली वन-पॉइंट-फाइव्ह गाड्या देऊ केल्या. ब्रँड्स हॅच येथे पाच फेऱ्यांच्या दोन शर्यती घ्यायच्या, पहिल्या शर्यतीनंतर चालकांनी गाड्यांची अदलाबदल करायची आणि दोन्ही वेळांची बेरीज ज्याची कमी तो विजेता, असे ठरले. अदलाबदलीची अट फार समंजस होती, कारण कागदावर एकसारख्या असलेल्या दोन गाड्या रस्त्यावर कधीच एकसारख्या नसतात.

ऑक्टोबरमध्ये ही लढत झाली तेव्हा पावसाने मार्ग पार भिजलेला होता. ब्रँड्स हॅचची फेरी त्या काळी जेमतेम दोन किलोमीटरची होती, म्हणजे प्रत्येक शर्यत सुमारे दहा किलोमीटरची. पहिली शर्यत सॉपविथने २.२ सेकंदांनी जिंकली. गाड्या बदलल्या, आणि दुसरी सिअर्सने ३.८ सेकंदांनी जिंकली. दोन्ही शर्यती त्याच एका रायलीने जिंकल्या, हे लक्षात घेतले म्हणजे अदलाबदलीच्या अटीचे मोल कळते. वजाबाकी केल्यावर १.६ सेकंदांच्या फरकाने सिअर्स पहिला ब्रिटिश सलून अजिंक्यवीर ठरला. ज्या गाडीतून त्याने गुण मिळवले ती ऑस्टिन, आणि ज्या गाडीतून किताब मिळवला ती रायली.

आपल्याकडील वाचकाला या रायलीची वाटते त्यापेक्षा जवळची ओळख आहे. तिच्यात बीएमसीचे १४८९ सीसीचे ‘बी’ मालिकेतील इंजिन होते, आणि त्याच मालिकेतील १४८९ सीसीचे इंजिन १९५९ पासून हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये बसू लागले. अर्थात, अँबॅसडर चालवणाऱ्या कोणालाही त्या इंजिनाकडे पाहून अजिंक्यपदाची स्वप्ने पडली असतील असे वाटत नाही.

त्याच महिन्यात मोरोक्कोत फॉर्म्युला वनच्या जागतिक किताबाचाही निकाल लागला. माइक हॉथॉर्नने अवघी एक शर्यत जिंकून एका गुणाने किताब मिळवला, तर चार शर्यती जिंकणारा मॉस दुसरा राहिला. अधिक वेगवान कोण आणि अजिंक्य कोण हे दोन वेगळे प्रश्न असू शकतात, हे ब्रिटिश रसिकांनी एकाच ऑक्टोबरात दोनदा पाहिले.

सॉपविथने नंतर चालकाची जागा सोडली आणि तो संघमालक म्हणून राहिला. त्याच्या संघाच्या गाड्या पुढे खुद्द सिअर्सनेही चालवल्या. सॉपविथ स्वतः वेगवान मोटारबोटींकडे वळला आणि काउज ते टॉर्की ही शर्यत १९६१ मध्ये प्रथमच झाली तेव्हा त्याने ती जिंकली.

वर्गवारी मात्र कायम राहिली आणि तिने लहान गाड्यांना मोठे दिवस दाखवले. १९५९ मध्ये फोर्ड झेफिरमधून जेफ यूरन, १९६० मध्ये ऑस्टिन ए४० मधून डॉ. शेफर्ड, आणि १९६१ मध्ये जॉन व्हिटमोर अजिंक्य झाला, तोही मिनीतून. ऑगस्ट १९५९ मध्ये बाजारात आलेली ही ८४८ सीसीची गाडी अॅलेक इसिगोनिसने काटकसरीच्या प्रवासासाठी आखली होती. पण आडवे बसवलेले इंजिन, पुढच्या चाकांना मिळणारी ताकद आणि चारही कोपऱ्यांत ढकललेली चाके यांमुळे ती वळणावर अशी चिकटून धावे की, सरळ रस्त्यावर गमावलेले अंतर ती तेथे भरून काढत असे. १९६२ मध्ये ऱ्होडेशियाचा (आताचा झिंबाब्वे) जॉन लव्ह मिनी कूपरमधून अजिंक्य झाला.

शर्यतीच्या अग्रभागी या काळात जग्वारचेच राज्य होते. त्याला पहिला धक्का बसला मे १९६१ मध्ये. अमेरिकेचा डॅन गर्नी शेव्हरले इम्पाला ही अवाढव्य गाडी सिल्व्हरस्टोनला घेऊन आला आणि जग्वारना मागे टाकून पुढे धावू लागला. चाक निकामी झाले म्हणून तेवढी नामुष्की त्या दिवशी टळली. दोन वर्षांनी ती टळली नाही. मे १९६३ मध्ये त्याच सिल्व्हरस्टोनवर विलमेंट संघाची सात लिटरची फोर्ड गॅलक्सी उतरली आणि तिने जग्वारची सद्दी संपवली. ती चालवत होता जॅक सिअर्स. त्या हंगामात कॉर्टिना जीटी, गॅलक्सी आणि अखेरीस लोटस कॉर्टिना अशा निरनिराळ्या वर्गांतील गाड्यांतून गुण गोळा करून त्याने दुसऱ्यांदा अजिंक्यपद मिळवले. वर्गवारीचा इतका हुशारीने केलेला वापर मला दुसरा आठवत नाही.

लोटस कॉर्टिनाने वर्गांमधील अंतरच पुसट केले. साध्या फोर्ड कॉर्टिनाला लोटसने १५५८ सीसीचे, दोन कॅमशाफ्टचे इंजिन बसवले, दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण अॅल्युमिनियमचे केले आणि पांढऱ्या रंगावर हिरवा पट्टा ओढला. सप्टेंबर १९६३ मध्ये उल्टन पार्कवर या गाड्या प्रथम उतरल्या तेव्हा त्या तिसऱ्या आणि चौथ्या आल्या, आणि त्यांच्या पुढे होत्या फक्त दोन गॅलक्सी. पुढचे वर्ष जिम क्लार्कचे. आतील पुढचे चाक हवेत उचलून तीन चाकांवर वळण घेणाऱ्या त्याच्या लोटस कॉर्टिनाची छायाचित्रे आजही या खेळाची ओळख मानली जातात. १९६३ चा हा फॉर्म्युला वन विश्वविजेता १९६४ मध्ये मेक्सिकोतील अखेरच्या शर्यतीत इंजिनातील तेल गळाल्याने जागतिक किताब गमावून बसला, पण ब्रिटिश सलून अजिंक्यपद त्याने त्याच वर्षी जिंकले.

क्लार्कच्या तोलाचा चालक सर्वांत लहान गाड्यांच्या वाट्याला क्वचितच येई, तरी त्या मागे हटल्या नाहीत. १९७०, १९७१ आणि १९७२ अशी सलग तीन वर्षे बिल मॅकगव्हर्न अजिंक्य झाला, तो जॉर्ज बेव्हनने तयार केलेल्या ९९८ सीसीच्या सनबीम इम्पमधून. त्याच शर्यतींत शेव्हरले कॅमेरोसारख्या पाच-सहापट मोठ्या इंजिनांच्या गाड्या अग्रभागी गर्जत असत, आणि हंगामाचा अजिंक्यवीर त्यांच्या कितीतरी मागे, बहुतेक प्रेक्षकांची नजर दुसरीकडे असताना, आपले गुण वेचत असे. दूरचित्रवाणीचे दिवस आल्यावर हे प्रेक्षकांना समजावून सांगणे अधिकाधिक अवघड होत गेले. १९८९ मध्ये फोर्ड सिएरा आरएस५०० या टर्बो गाड्या शर्यती जिंकत होत्या आणि किताब मात्र जॉन क्लीलंडच्या व्हॉक्सहॉल अॅस्ट्राने नेला. १९९१ पासून वर्ग मोडीत काढून सर्वांना दोन लिटरचे एकच बंधन घालण्यात आले. त्या नव्या नियमांखालीही क्लीलंडने १९९५ मध्ये अजिंक्यपद मिळवले, आणि या वेळी त्याची व्हॉक्सहॉल कॅव्हेलियर ज्या गाड्यांच्या पुढे रेषा ओलांडत होती त्याच गाड्यांशी तिची गुणांसाठी स्पर्धा होती.