ट्रक हळू चालतो तेव्हाच कंट्रोलर का तापतो?

रेडिओ कंट्रोलवरचा ट्रक घेणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात : "मला शर्यत लावायची नाही, दगडधोंड्यांवरून सावकाश चढवायचा आहे. मग लहानसा स्पीड कंट्रोलर पुरेल ना?" स्पीड कंट्रोलर म्हणजे ट्रकमध्ये बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसून मोटरचा वेग ठरवणारा भाग. प्रश्न रास्त वाटतो. मलाही तसंच वाटायचं. माझ्या पहिल्या ट्रकला मी असाच लहान कंट्रोलर लावला होता. सपाटीवर भरधाव पळवला तेव्हा त्याला काहीही झालं नाही. मग एका दगडाला पुढचं चाक अडलं, मी अर्ध्या थ्रॉटलवर (वेगाचा खटका अर्धा दाबून) दोन-तीनदा रेटा दिला आणि करपल्याचा वास आला. झाकण उघडून पाहिलं तर मॉसफेट नावाच्या एका इलेक्ट्रॉनिक स्विचच्या काळ्या अंगावर बारीक भेग पडली होती आणि त्याच्या पायाशी सोल्डर वितळून सरकलं होतं.

वेगात धडधाकट राहिलेला कंट्रोलर जागच्या जागी का जळावा? याचं उत्तर मोटरमध्ये आहे.

दहावीच्या पुस्तकातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन आठवा. चुंबकीय क्षेत्रात गुंडाळी फिरली की तिच्यात वीज निर्माण होते. फॅरडेने हे 1831 मध्ये दाखवलं. ट्रकची मोटर म्हणजे चुंबकांमध्ये फिरणारी गुंडाळीच. त्यामुळे बॅटरी तिला फिरवत असतानाच ती स्वतः जनित्रही बनते आणि बॅटरीच्या विरुद्ध दिशेने विद्युत दाब (व्होल्टेज) तयार करते. वेग जितका जास्त, तितका हा उलटा दाब जास्त.

आता आकडे घालून बघू. दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी 7.4 व्होल्टची आणि मोटरच्या गुंडाळीचा रोध 0.1 ओहम धरू. मोटर सुसाट फिरतेय आणि उलटा दाब 6.4 व्होल्ट आहे. उरला 1 व्होल्ट, म्हणजे धारा 10 अँपिअर. आता चाक दगडाला अडकलं. फिरणं थांबलं, उलटा दाब शून्य. मोटर आता तांब्याची नुसती तार आहे. पूर्ण थ्रॉटल दिला तर ओहमच्या नियमाने 74 अँपिअर! बॅटरी आणि वायरींच्या रोधामुळे प्रत्यक्षात थोडी कमी, पण दहाच्या कितीतरी पट.

"पण मी पूर्ण थ्रॉटल देतच नाही," असं कुणी म्हणेल. इथेच मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. पूर्वीच्या यांत्रिक कंट्रोलरमध्ये सर्व्हो (रिमोटच्या हुकमाने वळणारी छोटी मोटर) एक दांडी सरकवून रोध कमी-जास्त करायचा आणि नको असलेली ऊर्जा उष्णतेत जायची. आजचा कंट्रोलर मॉसफेटचं स्विच सेकंदाला हजार किंवा त्याहून अधिक वेळा चालू-बंद करतो. अर्धा थ्रॉटल म्हणजे निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. हळू सुरुवात करताना मोटरमधून येणारी बारीक किणकिण ऐकली असेल, ती या उघडझापीची.

आता स्विच बंद असताना काय होतं ते पाहा. गुंडाळीतून वाहणारी धारा एकाएकी थांबू शकत नाही, कारण गुंडाळी धारेतल्या बदलाला विरोध करते. मग ती धारा बॅटरीला वगळून कंट्रोलरमधल्याच दुसऱ्या वाटेने गोल फिरत राहते. म्हणजे बॅटरी निम्माच वेळ धारा देते, मोटरमध्ये मात्र ती जवळजवळ सतत वाहते. अडकलेल्या मोटरला अर्ध्या थ्रॉटलवर सरासरी 3.7 व्होल्ट मिळतात, धारा 37 अँपिअर. बॅटरीच्या वायरीवर मीटर लावला तर सरासरी दिसेल 18.5. मीटर बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं आणि कंट्रोलर मात्र दुप्पट धारा सोसत असतो. पाव थ्रॉटलला हीच तफावत चौपट होते.

आणखी खोलात जायचं तर, ती दुसरी वाट कशी आहे यावर बरंच अवलंबून असतं. धारा डायोडमधून फिरत असेल तर त्यावर साधारण 0.7 व्होल्ट पडतात. 37 अँपिअरला, निम्मा वेळ, म्हणजे सुमारे 13 वॉट उष्णता, तीही बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्यात. चांगल्या कंट्रोलरमध्ये त्या क्षणी दुसरा मॉसफेट चालू केला जातो. त्याचा रोध 2 मिलीओहम असेल तर हीच उष्णता दीड वॉटच्या आत येते. त्यात हळू चालणाऱ्या ट्रकवर वाराही लागत नाही.

म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा मी बाजूला ठेवतो. "काही शे अँपिअर" हा दावा बहुतेकदा क्षणभराचा असतो. 5000 एमएएचच्या बॅटरीतून 500 अँपिअर काढले तर ती 36 सेकंदांत रिकामी होईल, एवढ्यावरूनच त्या आकड्याची किंमत कळते. सतत पेलण्याची क्षमता बघा, आणि ती मोटर अडल्यावरच्या धारेशी ताडून बघा. ब्रश मोटरसाठी कंट्रोलरवर किमान टर्न (मोटरमधल्या तारेचे वेढे) लिहिलेले असतात. टर्न कमी म्हणजे तार जाड, रोध कमी, धारा जास्त. दगडांवर चढायला 35 किंवा 55 टर्नची मोटर लावली तर कंट्रोलरचा बराच भार हलका होतो. मोटरवरचं पिनियन (दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) एक-दोन दात लहान घेतलं तरी फरक पडतो.

ब्रशलेस (ब्रश नसलेली) मोटर घेणार असाल तर सेन्सर असलेलीच घ्या. सेन्सरविना चालणारा कंट्रोलर मोटरच्या फिरत्या भागाची स्थिती त्या उलट्या दाबावरूनच ओळखतो. थांबलेल्या मोटरमध्ये तो दाब नसतोच, म्हणून ट्रक सुरू होताना अडखळतो. स्टिअरिंगचा सर्व्हो दणकट असेल तर त्याला आणि रिसीव्हरला वीज पुरवणारा कंट्रोलरमधला भाग, म्हणजे बीईसी, तपासा, नाहीतर स्टिअरिंग अडलं की दाब कोसळतो आणि रिसीव्हर बंद पडतो. लायपोचा कटऑफ (ज्या दाबाला कंट्रोलर मोटर बंद करतो तो) सेलमागे 3 व्होल्टच्या वरच ठेवा.

ड्रॅग ब्रेक मात्र विसरू नका. थ्रॉटल सोडला की कंट्रोलर मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून देतो. उतारावर चाकं मोटर फिरवू लागतात, उलटा दाब तयार होतो, त्याची धारा मोटरलाच अडवते. ट्रक थांबल्यावर तो दाब शून्य होतो, म्हणून फार तीव्र उतारावर तो मुंगीच्या पावलांनी सरकत राहतो. सुट्या ब्रश मोटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवा आणि दांडा बोटांनी फिरवून पाहा. मधात काडी फिरवल्यासारखा जड लागेल. वायरी सोडल्या की लगेच मोकळा.