आधी से कॅथेड्रल, मग संग्रहालय: जुन्या गोव्याला निघण्यापूर्वी

आमच्या जुन्या गोव्याच्या सहलीत से कॅथेड्रल हे मुख्य चर्च आधी आणि सांता मोनिका मठातले ख्रिस्ती कला संग्रहालय नंतर असते. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. संग्रहालयात काचेआड दिसणाऱ्या बऱ्याच वस्तू मुळात वेदीसाठी, मेणबत्तीच्या उजेडासाठी घडवलेल्या. ती जागा आधी पाहिलेली असली की वस्तू समजते.

कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले. उत्तरेकडचा मनोरा १७७६ मध्ये कोसळला तो पुन्हा उभा राहिला नाही, म्हणून दर्शनी बाजू एकांगी वाटते. आत मुख्य वेदीवरच्या सोनेरी चौकटींत संत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत. यासाठी पाऊण तास ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, टोपी काढावी. रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) असते. तेव्हा हिंडू-फिरू नये.

संग्रहालयाला दीड तास लागतो. उजेड मंद असतो, कारण प्रखर प्रकाशाने रंग आणि जरीची वस्त्रे फिकी पडतात. फ्लॅश वापरू नका. डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटे थांबा. घाईने आत-बाहेर करणाऱ्यांना निम्मे दिसतच नाही.

लाकडी मूर्तींवर सोने झिजलेल्या जागी तांबूस रंग दिसेल. तो गंज नव्हे. लाकडावर खडू-सरसाचा थर, त्यावर तांबड्या मातीचा लेप आणि मग सोन्याचा वर्ख, अशी ती बांधणी असते. हस्तिदंती मूर्ती किंचित एका अंगाला झुकलेल्या असतात: सुळ्याचा बाक कारागिराने कंबरेत घेतला. 'उत्तम मेंढपाळ' ही मूर्ती तर अगदी जवळून पाहाच. गालाला हात लावून डोळे मिटलेला बाल येशू वर, खाली डोंगर, झरा, मेंढरे, आणि तळाशी गुहेत आडवी पहुडलेली येशूची शिष्या मेरी मॅग्डालीन. बाल येशूची ती ध्यानस्थ बसण्याची लकब इथल्या मातीतली आहे. घडवणारे हातही इथलेच होते. चांदीचा पेलिकनही चुकवू नका. दंतकथेनुसार स्वतःच्या रक्ताने पिल्ले पोसणारा हा पक्षी येशूच्या बलिदानाचे प्रतीक मानतात.

बॅसिलिका ऑफ बॉम जेझस आम्ही शेवटी घेतो. तिथल्या गर्दीत आधी अडकलात तर संग्रहालय बंद होण्याच्या सुमारास पोचाल. या बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष ठेवले आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (सण) ३ डिसेंबरला असते. त्या दिवसांत ही सहल घेऊ नका.

कॅथेड्रलपासून मठाकडे चढ आहे. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, तेव्हा पकड असलेली पादत्राणे घाला. गुडघेदुखी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, म्हणजे गाडी वरपर्यंत नेता येईल. रेल्वेने येणाऱ्यांनी करमळी स्थानकावर उतरावे.