ढगातल्या थेंबामागचा कण

हवा थंड झाली, बाष्प साठलं की ढग धरतो, एवढं सांगून आपण थांबतो. पण बाष्पाला बसायला जागा लागते, ती म्हणजे हवेत तरंगणारा धुळीचा किंवा मिठाचा बारीक कण. १८७५ मध्ये फ्रान्सच्या पॉल-जाँ कुलिए यांच्या लक्षात आलं की, भांड्यातली हवा गाळून घेतली तर तिच्यात धुकं सहजी धरतच नाही. १८८० मध्ये स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं आणि पुढे कण मोजायचं यंत्र बनवलं. छोट्या कोठडीत प्रत्येक कणावर थेंब धरवायचा, तो आखलेल्या पट्टीवर पडू द्यायचा आणि भिंगातून मोजायचा! हे यंत्र स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेतही वापरलं गेलं.

१८९४ च्या सप्टेंबरमध्ये त्याच वेधशाळेत भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन आले. ढगांवर उमटणारी रंगीत वलयं पाहून ते भारावले आणि केंब्रिजला परतल्यावर प्रयोगशाळेत ढग बनवू लागले. धूळ पूर्ण काढलेल्या हवेत थेंब धरायला संपृक्ततेच्या, म्हणजे हवेत एरवी मावेल तेवढ्या बाष्पाच्या, सुमारे चौपट बाष्प लागतं, असं त्यांना आढळलं. खऱ्या ढगात संपृक्ततेच्या वरचं हे आधिक्य सहसा एक टक्काही नसतं. म्हणजे सगळी मदार कणांवरच. (विल्सन यांना १९२७ चं नोबेल मिळालं ते अणुभौतिकीला उपयोगी पडलेल्या मेघकोठीबद्दल (कृत्रिम ढगात विद्युतभारित कणांची वाट दाखवणारं यंत्र), तिचं मूळ डोंगरातल्या ढगांत आहे, हे आवर्जून सांगायला हवं.)

स्वीडनचे हिल्डिंग कोलर यांनी नॉर्वेतल्या हाल्डे पर्वतावर ढगाचं पाणी आणि गोठलेला हिमकण तपासला. त्यात क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, सापडलं. त्यांच्या सिद्धांतानुसार इवल्या थेंबाचा गोल पृष्ठभाग पाणी उडवून लावतो, तर विरघळलेलं मीठ ते धरून ठेवतं. या ओढाताणीत ठरावीक आकार ओलांडला की थेंब झपाट्याने वाढतो.

डोंगराचं महत्त्व इथेच आहे. वारा उतारावर आदळून वर चढतो. चढ जितका वेगवान, तितकं बाष्पाचं आधिक्य जास्त आणि तितके लहान कणही थेंब बनतात. कण फार असतील, तर तेच पाणी वाटलं जातं. थेंब बारीक राहतात, एकमेकांत मिसळून पाऊस व्हायला वेळ लागतो. आणि डोंगरमाथ्यावर वेळच थोडा असतो, कारण पलीकडे उतरताच हवा तापून ढग विरतो.

इंग्लंडमधल्या ग्रेट डन फेल या डोंगरावर १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी वाऱ्याच्या अलीकडे, माथ्यावर आणि पलीकडे एकाच वेळी मोजणी केली. ढगातून बाहेर पडलेले कण आत गेलेल्यांपेक्षा बदललेले होते: थेंबात विरघळलेल्या सल्फर डायऑक्साइड वायूचं सल्फेट हा क्षार होऊन ते वाढले होते. असा वाढलेला कण पुढच्या ढगात आणखी सहज थेंब धरतो.